गालिच्यातले राखणदार : विंचू, लांडगा आणि एडक्याची शिंगं आपल्या लोकरीत कशी विणायची

आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात दख्खनी मेंढीची लोकर मिळते आणि घोंगडी विणणारे सणगर कारागीर अजून काही गावांत मागावर बसतात. आपली घोंगडी बहुधा सरळ काळी असते, फार तर काठाला पांढऱ्या-करड्या पट्ट्या. पण हीच लोकर, हाच धनगरी जगण्याचा बाज घेऊन तुर्कस्तान, इराण, बलुचिस्तान, तुर्कमेनिस्तानातल्या भटक्या मेंढपाळांच्या बायकांनी शेकडो वर्षं गालिच्यांत प्राणी विणले. घरात विंचू येऊ नये म्हणून विंचू विणला, लांडगा कळपात शिरू नये म्हणून लांडगा. त्यांच्या चिन्हांमागचा विचार समजून घेऊन आपल्या लोकरीत पंचेचाळीस बाय साठ सेंटिमीटरचं एक आसन कसं विणायचं, ते इथे सविस्तर सांगतो. मागावर कधीच न बसलेल्या माणसालाही जमेल असाच मार्ग निवडला आहे.

आधी चिन्हं समजून घ्या

भटक्या टोळ्यांच्या विणकामातली राखणीची चिन्हं मला दोन गटांत दिसतात. एक गट अडवणाऱ्यांचा, दुसरा बोलावणाऱ्यांचा. हा फरक डोक्यात पक्का असला की पुढची निवड सोपी होते.

अडवणाऱ्यांत पहिला विंचू. अनातोलियाच्या किलीमांत, म्हणजे केसाळ गाठी नसलेल्या सपाट गालिच्यांत, तो इतका मोडून-मोडून येतो की नवख्याला ओळखू येत नाही. मधे एक शंकरपाळी, तिच्या कडेनं आकडे आणि एका टोकाला वळलेली नांगी. तंबूत जमिनीवर झोपणाऱ्यांचं हे चित्र आहे. ज्याची भीती त्याचंच चित्र दारात काढायचं, हा विचार आपल्याला परका नाही. नागपंचमीला आपल्याकडे भिंतीवर, पाटावर नाग काढतात आणि बत्तीस शिराळ्यानं तर त्या दिवसाला सगळ्या महाराष्ट्रात नाव मिळवलं. नागाशी भांडायचं नाही, त्याला मान देऊन घराबाहेर ठेवायचं. तुर्की मेंढपाळाच्या बायकोनं विंचवाशी हाच व्यवहार केला.

दुसरा लांडगा. त्याचं पूर्ण चित्र क्वचितच दिसतं. येतो तो त्याचा उघडा जबडा किंवा पावलाचा ठसा, एकमेकांसमोर उघडणाऱ्या दातेरी आकड्यांच्या रूपात, आणि तोही बऱ्याचदा काठाला. माण-खटावच्या माळावर लांडगा आजही फिरतो. रात्री मेंढ्यांच्या वाड्यावर जागणाऱ्या धनगराला हे चिन्ह कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

तिसरा नजर अडवणारा डोळा: शंकरपाळी, तिच्या पोटात वेगळ्या रंगाची शंकरपाळी आणि तिच्या पोटात एक ठिपका. त्याच्या जवळचा नातलग म्हणजे ताईत. कागदावर मंत्र लिहून तो त्रिकोणी घडी करून गळ्यात घालतात, त्या घडीचाच त्रिकोण गालिच्यात उतरला. कित्येक टोळ्यांत विणलेल्या पिशव्यांना आणि झुलींना निळे मणीही शिवतात.

आता बोलावणारे. यात एडक्याची शिंगं सगळ्यात महत्त्वाची. कळपाचं बळ, वंशवाढ, पुरुषाचा पराक्रम असा अर्थ त्यांना देतात आणि अनातोलियापासून मध्य आशियापर्यंत ती कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतात. तुर्की विणकामात त्यांच्या जोडीला कमरेवर हात ठेवलेली बाई येते, तिला एलिबेलिंदे म्हणतात. ती मातृत्वाचं चिन्ह. लग्नाच्या तयारीत विणलेल्या कापडात ही जोडी हमखास भेटते. तुर्कमेन लोकांत नवरीच्या उंटाच्या दोन्ही कुशींवर घालायला पंचकोनी झुलींची जोडी विणायची पद्धत होती आणि त्यांतल्या काही दुर्मीळ जुन्या झुलींवर पक्ष्यांच्या रांगा आहेत. पक्षी शुभही आणि अशुभही. कोणता पक्षी, कुणाच्या हातचा, यावर ते ठरतं. इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई आणि लुरी बायका गब्बे नावाच्या जाड, मऊ गालिच्यांवर सिंह विणत आल्या आहेत. त्या सिंहाचे डोळे माणसासारखे असतात आणि शेपटी पाठीवर फिरवून आणलेली असते. इराणात खरेखुरे सिंह विसाव्या शतकापर्यंत होते, तेव्हा हा प्राणी निव्वळ गोष्टीतला नव्हता.

ही परंपरा किती जुनी, याचा एक ठोस पुरावा आहे. 1949 मध्ये सर्गेई रुदेंको या रशियन पुरातत्त्वज्ञानं अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या बर्फात गोठलेल्या थडग्यातून एक गाठींचा गालिचा काढला. तो इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यावर हरणांची रांग आहे, घोडेस्वारांची रांग आहे आणि काठाला पंख असलेले सिंहासारखे काल्पनिक प्राणी आहेत. काठावरच ते का, हे आपल्याला कळायला हवं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरतात तेच हे काम, आत कोण येतं ते पाहणारा प्राणी सीमेवर उभा करायचा.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण ती नसली तर बाकी सगळं वाया जातं. प्रत्येक चिन्हाला एकच अर्थ चिकटवलेल्या याद्या जागोजाग मिळतात. त्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. एकाच आकड्याला एका गावात विंचू म्हणतात, पलीकडच्या खोऱ्यात खेकडा, आणि खेकडा हे नाव अनेकदा व्यापाऱ्यांनी दिलेलं असतं. आपल्या साड्यांवरच्या कोयरीचंच बघा. इराणच्या गालिच्यात तिला कुणी ज्योत म्हणतं, कुणी वाऱ्यानं वाकलेलं सुरूचं झाड, कुणी बदाम. विणणारी बाई काय म्हणत होती ते माहीत असेल तेवढाच अर्थ खरा धरा.

चिन्ह निवडा, आणि काय विणायचं नाही तेही ठरवा

आसन कुणासाठी, हे आधी ठरवा. बाळाच्या खोलीत घालायचं असेल तर मधे डोळा किंवा ताईत. नव्या जोडप्याला द्यायचं असेल तर एडक्याची शिंगं. शेतातल्या घराच्या उंबऱ्याशी टाकायचं असेल तर विंचू. मध्यभागी बोलावणारं चिन्ह आणि काठाला अडवणारं, ही मांडणी माझ्या मते सगळ्यात समजूतदार आहे. एका आसनात दोन चिन्हं पुष्कळ झाली. सहा-सात कोंबली की नमुन्याचा तक्ता होतो.

दोन गोष्टी टाळा. तुर्कमेन गालिच्यांवर ओळीनं येणारी अष्टकोनी फुलं असतात. टेक्के, सालोर, योमुत अशा टोळ्यांची ती आपापली ओळख आहे. ती तशीच्या तशी उचलू नका. शिंगं, विंचू, डोळा ही चिन्हं अनेक लोकांत वाटून गेलेली आहेत, ती घ्यायला हरकत नाही. दुसरं, बसायच्या किंवा पाय पडणाऱ्या आसनावर ओम, स्वस्तिक, देवाची मूर्ती विणू नका. शेकड्यानं प्राणी मोकळे असताना त्याची गरजच पडत नाही.

लोकर आणि रंग

घोंगडी विणणाऱ्यांकडून हातानं कातलेलं सूत मागा. पांढरं साधारण तीनशे ग्रॅम, काळं तेवढंच. थोडं उरेल, पण मधेच संपलं तर त्याच छटेचं पुन्हा मिळत नाही. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मऊ असते, मात्र आसनाला ती नको. बसून बसून ती लवकर झिजते. मोठ्या मेंढीची रखरखीत लोकरच टिकते.

काळा रंग घालायच्या भानगडीत पडू नका. जुन्या गालिच्यांत गडद तपकिरी आणि काळ्या रंगासाठी लोहाचा अंश असलेलं द्रावण वापरलेलं असायचं आणि लोह लोकरीला हळूहळू खातं. म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या गालिच्यात पुष्कळदा काळ्या रेषा झिजून खोल गेलेल्या आणि बाकी रंग उंच राहिलेले दिसतात. दख्खनी मेंढीनं आपल्याला जन्मजात काळी लोकर दिली आहे, ती कशानंच खाल्ली जाणार नाही. हे आपलं मोठं भाग्य आहे आणि ते वापरायला हवं.

लाल रंगासाठी मंजिष्ठा. पश्चिम आशियातल्या गालिच्यांचा प्रसिद्ध लाल रंग ज्या मुळांतून येतो, त्याच कुळातली ही वेल, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. पद्धत अशी: शंभर ग्रॅम पांढरं सूत रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, न चोळता धुवा. पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा, त्या पाण्यात सूत घालून मंद आचेवर तासभर ठेवा आणि भांड्यातच गार होऊ द्या. शंभर ग्रॅम मंजिष्ठेची भरड रात्रभर भिजत घाला. सकाळी ती फडक्यात सैल बांधून भांड्यात सोडा, सूत घाला आणि तास-दीड तास गरम ठेवा. उकळी येऊ द्यायची नाही. पाण्यात बोट घातलं तर चटकन काढावंसं वाटेल, पण बुडबुडे फुटत नसतील, एवढीच आच. उकळलं की लाल मरतो आणि तपकिरी वर येतो. दुष्काळी भागातल्या बोअरच्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो, पण मंजिष्ठेला चुन्याचा अंश असलेलं पाणी मानवतं आणि लाल खुलतो.

पिवळ्यासाठी सांगलीकराचा हात आधी हळदीकडे जाईल. तो आवरा. सांगलीची हळद स्वयंपाकात राणी असली तरी तिचा रंग उन्हात टिकत नाही, खिडकीजवळच्या आसनावरून थोड्याच दिवसांत उडतो. त्याऐवजी आटपाडीच्या डाळिंबांच्या वाळवलेल्या साली घ्या. शंभर ग्रॅम सुताला शंभर ग्रॅम साली, तुरटीची क्रिया वरच्यासारखीच. सालीतल्या तुरट द्रव्यांमुळे हा रंग धरून राहतो. पिवळा थोडा मातकट येतो आणि काळ्या-लालाशेजारी तोच शोभतो.

लोकरीच्या बाबतीत एक नियम मोडू नका: गरमातून एकदम गारात टाकायचं नाही आणि गरम असताना ढवळत बसायचं नाही. सूत आटून त्याचा नमदा, म्हणजे एकमेकांत घट्ट अडकलेला लोकरीचा गोळा, होतो.

कागदावर उतरवा

किलीमचं सगळं व्याकरण एका फटीत आहे. दोन रंग शेजारी येतात तिथे प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपापल्या हद्दीवरून परत फिरतो, म्हणून हद्दीवर उभी फट राहते. हद्द बरीच वरपर्यंत सरळ उभी गेली तर कापड तिथे दुभंगतं. साधारण एक सेंटिमीटरपर्यंत फट चालते, पुढे हद्द एक घर सरकवावी लागते. यामुळेच टोळ्यांच्या विणकामातले प्राणी पायऱ्यापायऱ्यांचे, तिरके, आकड्यांचे दिसतात. त्या बायकांना गोल शिंग दिसत नव्हतं असं मुळीच नाही. मागानं शिंगाला जे रूप घ्यायला लावलं, ते त्यांनी इतकं सुंदर घेतलं की गोल शिंगापेक्षा तेच लक्षात राहतं.

आता चौकटीचा कागद घ्या आणि 45 घरं रुंद, 60 घरं उंच असा आयत आखा. एक घर म्हणजे विणकामातला एक सेंटिमीटर. रुंदीत त्यात दोन उभे धागे येतात. उंचीत किती आडव्या फेऱ्या लागतील ते तुमच्या सुताच्या जाडीवर आहे, म्हणून आधी बोटभर नमुना विणून एका सेंटिमीटरात किती फेऱ्या दाबून बसतात ते मोजा. आठ बसल्या तर घराला आठ. हा नमुना टाळला तर शिंगं चेपतात नाही तर ताणतात.

एडक्याच्या शिंगांचा हा आराखडा 13 घरं रुंद आणि 9 ओळी उंच आहे. खालून सुरुवात करा, मधलं घर धरून दोन्ही बाजू सारख्या. पहिल्या ओळीत फक्त मधलं एक घर भरा, दुसरीत तीन, तिसरीत पाच, चौथीत सात. पाचवीपासून फाटे फुटतात: मधली तीन घरं मोकळी, त्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन भरलेली. सहावीत मधली पाच मोकळी, दोन्हीकडे तीन-तीन. सातवी ओळ नीट बघून भरा, शिंगाचं टोक इथेच आत वळतं: मधलं एक मोकळं, मग दोन भरलेली, एक मोकळं, तीन भरलेली, आणि दुसऱ्या बाजूला तसंच. आठवीत मधली तीन मोकळी, दोन्हीकडे चार-चार. नववीत मधली पाच मोकळी, दोन्हीकडे दोन-दोन. भरल्यावर बोट फिरवून पाहा, सहाव्या-सातव्या ओळीत शिंगाचं टोक आत वळतं ती जागा सोडली तर कुठलीही उभी हद्द एका घरापेक्षा लांब नाही; तिथे ती दोन घरांची होते, म्हणून ती फट शेवटी दोन टाक्यांनी शिवा.

पहिली ओळ तशीच ठेवून हेच खाली उलटं काढा. सतरा ओळींचं, वर-खाली शिंगं असलेलं पूर्ण चिन्ह मिळेल. अशी दोन चिन्हं मध्यरेषेवर एकावर एक ठेवा. वर-खाली काठाला चार-चार ओळी दिल्या की काठ आणि चिन्हं यांमध्ये, तसंच दोन चिन्हांमध्ये, सहा-सहा ओळी मोकळ्या राहतात.

डाव्या-उजव्या काठाची आतली हद्द सरळ ठेवता येणार नाही, ते आता लक्षात आलंच असेल. एका ओळीत चार घरं, पुढच्या ओळीत तीन, पुन्हा चार अशी ती जाऊ द्या. आपोआप करवतकाठी उमटते, आणि लांडग्याच्या दातांची आठवण ठेवायला तेवढं पुरेसं आहे.

चौकट बांधा, ताणा लावा

आतून साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि नव्वद लांब अशी भक्कम लाकडी चौकट सुताराकडून करून घ्या. वरच्या आणि खालच्या पट्टीवर एक-एक सेंटिमीटरवर 45 खिळे ठोका. सगळे एका रेषेत ठोकले तर लाकूड तडकतं, म्हणून एक वर एक खाली असे. घट्ट पिळाचा जाड सुती दोरा वरून खाली, खालून वर फिरवत न्या. नव्वद उभे धागे होतील, हाच ताणा. ताण सगळीकडे सारखा हवा. हाताचा तळवा फिरवून सैल धागा शोधा आणि तो आत्ताच घट्ट करा. नंतर होत नाही.

एकाआड एक धागे उचलायला एक रुंद लाकडी पट्टी त्यांतून ओवून ठेवा. ती उभी केली की एक वाट उघडते. दुसऱ्या वाटेसाठी उरलेल्या धाग्यांना दोऱ्याचे फास घालून ते एका काठीला बांधा आणि काठी ओढा.

विणायला बसा

खाली दहा-बारा सेंटिमीटर ताणा झालरीसाठी सोडा. पहिल्या पाच-सहा फेऱ्या सुती दोऱ्याच्याच घाला, मग काळी लोकर सुरू करा. जमीन, म्हणजे चिन्हांमागची मोकळी जागा, काळी, शिंगं लाल, काठ पिवळा ही रंगसंगती या लोकरीवर उठून दिसते. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी छोटी लडी लागते. सातव्या ओळीत एकाच वेळी अकरा लड्या लोंबतील: काठाच्या दोन, शिंगांच्या चार तुकड्यांच्या चार, त्यांच्या मधल्या जमिनीच्या तीन आणि शिंग ते काठ अशा दोन. गोंधळ वाटला तर हाच हिशोब पुन्हा करा.

आडवा धागा कधीही सरळ ताणून घालू नका. कमानीसारखा सैल टाका, मग फणीनं किंवा जेवणाच्या जाड काट्यानं दाबा. ताणून घातला की कापडाच्या कडा आत ओढल्या जातात. दर दहा ओळींनंतर रुंदी मोजा, 45 सेंटिमीटरच्या खाली आली असेल तर शेवटचा भाग उसवा. उसवायचा कंटाळा करू नका, आकसलेली कड पुढे विणून भरून निघत नाही. उभे धागे अजिबात दिसता कामा नयेत. ते दिसत असतील तर दाब कमी पडतो आहे.

दोन रंगांच्या हद्दीवर नेहमी लक्ष एकाच प्रश्नावर: या लडीचा शेवटचा धागा कोणता? तो धागा शेजारच्या लडीनं घ्यायचा नाही. बाकी हात आपोआप शिकतो.

साठाव्या ओळीनंतर पुन्हा सुती दोऱ्याच्या पाच-सहा फेऱ्या. ताणा कापा आणि चार-चार धाग्यांच्या गाठी कापडाला अगदी टेकवून मारा. मागच्या बाजूनं फटी तपासा. एखादी रुंद वाटली तर त्याच रंगाच्या लोकरीनं दोन टाके घाला, पुढून दिसत नाहीत. निळा मणी लावायचा असेल तर तो कोपऱ्यातल्या झालरीत ओवा. मधे लावला तर बसताना बोचतो.

वापर आणि निगा

पहिलं वर्षभर आसन दर महिन्याला उलटं करा. किलीम दोन्ही बाजूंनी सारखीच असते, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. डाग पडला तर गार पाणी आणि रिठा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. लोकरीला कसर लागते ती अंधारात गुंडाळून ठेवल्यावर. पावसाळा संपला की एक दिवस कोवळ्या उन्हात टाका, झटका, आणि ठेवायचंच असेल तर वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको.

पहिलं आसन उतरलं की दुसऱ्याला विंचू घ्या. शिंगांचा आराखडा हातात बसला असेल तर तो अवघड जाणार नाही, फक्त नांगी दोन्ही बाजूंना सारखी नसते. म्हणून त्याचा आराखडा मध्यरेषा धरून अर्धा काढून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो.